कोरीनच्या वर्गातला ऑरन

माझ्या बायकोच्या वर्गात एकवीस जण होते. त्यांतल्या एकालाही तिने कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. तरी त्यांतल्या एकावर मी वर्षभर खार खाऊन होतो. त्याचं नाव ऑरन टिलमन. तो ओक्लाहोमात नर्स होता, म्हणजे आमच्यापासून मोटारीने तीन-चार दिवसांच्या वाटेवर. इतक्या लांबच्या माणसाने घरात येऊन बसावं आणि आपल्याला त्याला हाकलताही येऊ नये, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

आमचं गाव मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला आहे. नदीच्या पलीकडे कॅनडा. मी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करतो. पहाटे पाचला गॅरेजात जातो आणि दुपारी दोनला घरी येतो. माझी बायको कोरीन गावातल्या छोट्या इस्पितळात नर्स आहे. तरुणपणी दोन वर्षांचा कोर्स केला, परीक्षा देऊन परवाना घेतला आणि तेव्हापासून सव्वीस वर्षं ती तिथेच आहे. गावातली निम्मी माणसं तिच्यासमोर जन्मली आणि पाव तरी तिच्यासमोर गेली.

इस्पितळातर्फे घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना बघणारा एक विभाग आहे. त्याची प्रमुख बर्निस पुढच्या वर्षी निवृत्त होणार होती. ती जागा कोरीनला हवी होती, आणि ती तिलाच मिळायला हवी हे सगळ्यांना मान्य होतं. पण नियम बदलला होता. त्या जागेसाठी नर्सिंगची चार वर्षांची पदवी लागणार होती.

"सव्वीस वर्षं काम केलं ते काय पाण्यात गेलं का?" मी म्हणालो.

"पाण्यात नाही गेलं. त्या जुन्या कोर्सची दोन वर्षं धरतात. उरलेलं घरी बसून कॉम्प्युटरवर करायचं, नोकरी सांभाळून." तिने सगळी चौकशी आधीच करून ठेवली होती. "दीड वर्ष लागेल. जमेल ना आपल्याला?"

'आपल्याला' म्हणाली ती. मी खूश झालो. खिडकीपाशी तिच्यासाठी टेबल मांडलं, दिवा लावून दिला. गॅरेजात सांगत सुटलो. तिथे माझ्याबरोबर नॉर्मंड म्हणून एक आहे. त्याच्या जिभेला हाड नाही.

"बायको कॉलेजात गेली का रे लुसियन?" तो म्हणाला. "सांभाळ. शिकलेली बायको आणि नवीन गिअरबॉक्स, दोन्ही आधी कुरकुरतात आणि मग आपल्यालाच शिकवतात."

मी हसलो. तेव्हा हसायला काही जात नव्हतं.

पहिले दोन महिने मला फक्त वेळेचं वाईट वाटायचं. रविवारी आम्ही माझ्या बहिणीकडे जेवायला जायचो, ते बंद झालं. कोरीन टेबलाशी पाठ करून बसायची आणि मी तिच्या पाठीकडे बघत बसायचो. लिहिलेल्या निबंधाखाली आधार म्हणून घेतलेल्या पुस्तकांची यादी द्यावी लागते, त्यात दोन स्वल्पविराम चुकले म्हणून तिचे गुण कापले. त्या दिवशी मी मनापासून तिच्या बाजूने चिडलो. तोवर आम्ही एका बाजूला होतो.

मग 'चर्चा' सुरू झाली. दर आठवड्याला प्राध्यापिका एक प्रश्न टाकायच्या. बुधवारपर्यंत प्रत्येकाने उत्तर लिहायचं आणि रविवारपर्यंत दुसऱ्या दोघांच्या उत्तरांवर काहीतरी लिहायचं. तेही सगळ्यांना दिसायचं. बहुतेक जण 'छान लिहिलंस' म्हणून सुटायचे, असं कोरीननेच सांगितलं. ऑरन तसा सुटायचा नाही. तो तिचं उत्तर नीट वाचायचा, त्यातलं एखादं वाक्य उचलायचा आणि त्यावर विचारायचा. तीही त्याच्या उत्तरावर लिहायची. मग हे दर आठवड्याला होऊ लागलं.

एका संध्याकाळी मी चुलीशी उभा राहून प्लोय भाजत होतो. कुट्टूच्या पिठाची आमच्याकडची धिरडी, एकाच बाजूने भाजायची. कोरीन म्हणाली, "ऑरन म्हणतो, नर्सने पेशंटच्या खाटेशी उभं राहून बोलू नये. खुर्ची ओढून बसावं. दोन मिनिटं बसलं तरी त्या माणसाला वाटतं, ही बराच वेळ होती."

"हे कळायला पदवी लागते?"

"कळतं सगळ्यांना. करतं कोण?" ती म्हणाली. "आता तूच बघ. माझ्याशी बोलताना बसतोस का तू कधी?"

माझ्या हातात उलथणं होतं. तव्यावर प्लोय होता. मी काय, तवा घेऊन खुर्चीवर बसू? पण ते वाक्य मला झोंबलं, कारण ते तिचं नव्हतं. त्याचं होतं.

त्यानंतर आमच्या जेवणाच्या टेबलावर 'ऑरन म्हणतो' हे मिठासारखं झालं. ऑरन म्हणतो, दुःखाला घाई करू नये. ऑरन म्हणतो, थकलेल्या नर्सने थकले म्हणायला शिकावं. मी एकदा विचारलं, "लग्न झालंय का त्याचं?"

"मला काय माहीत? त्याने लिहिलं नाही."

"तू विचारलं नाहीस?"

"लुसियन, या आठवड्याचा विषय अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीवरच्या जखमा हा होता," ती म्हणाली. "त्यात लग्न कुठे घालू?"

आणि ती हसली. ते हसणं मी तीस वर्षं ओळखतो आणि ते मलाच मिळतं असा माझा समज होता. पण पुढच्याच रविवारी सकाळी ती टेबलाशी वाचता वाचता तशीच हसली, पाठमोरी, माझ्याकडे न बघता. मी बाहेर जाऊन उगाचच अंगणातला बर्फ ओढला. तो आधीच ओढून झाला होता.

खरं सांगायचं तर कोरीन त्याच्यावर भाळली असेल असं मला कधी वाटलं नाही. तसं वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. मला सलत होतं ते वेगळंच. दिवसभराचं सगळं ती आधी मला सांगायची. कोण आला, कोण गेला, कोणत्या डॉक्टरने काय गाढवपणा केला. आता ते ती लिहायची, आणि माझ्या वाट्याला उरलंसुरलं यायचं.

मार्चमधली एक दुपार. मी गॅरेजातून आलो. पाळीवरचं कोणीतरी आजारी पडलं म्हणून कोरीनला तासभर आधीच बोलावणं आलं होतं आणि ती घाईघाईने गेली होती. चहाचा कप अर्धा, खुर्ची मागे ढकललेली आणि कॉम्प्युटर उघडा. मी तो बंद करायला बसलो, असं मी पुढे तिला सांगितलं. ते खोटं होतं. मी वाचायलाच बसलो.

आधी ऑरनचं सगळं वाचलं. वाईट काही नव्हतं, एक शब्दही नाही. चांगलं लिहीत होता, त्याचाच जास्त राग आला. मग वर सरकत सरकत फेब्रुवारीतल्या एका प्रश्नापाशी आलो. 'तुम्ही कधी एखाद्या रुग्णासाठी खोटं बोललात का? का?' त्याखाली कोरीनचं उत्तर होतं.

तिने एका म्हाताऱ्या मच्छीमाराबद्दल लिहिलं होतं. समुद्रकाठचं गाव, फुफ्फुसाचा विकार, उन्हाळ्याचे दिवस. त्याला पुढचे उपचार नको होते, पण मुलगा ऐकत नव्हता. म्हाताऱ्याने नर्सला सांगितलं, मुलगा आला की त्याला सांग मी झोपलोय. नर्सने सांगितलं. मुलगा बाहेर व्हरांड्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दार नुसतं ओढलेलं होतं आणि आत म्हातारा टक्क जागा होता. चौथ्या दिवशी सकाळी तो गेला. तिने लिहिलं होतं, 'मुलगा दर दुपारी थर्मासमधून वाटाण्याचं सूप आणायचा आणि ते मांडीवर धरून बसायचा. थर्मास गार होईपर्यंत.'

माझे वडील मच्छीमार नव्हते. ते जंगलात लाकूडतोड करायचे आणि गेले ते मूत्रपिंडं निकामी होऊन, नोव्हेंबरात, चार वर्षांपूर्वी. पण सूप माझं होतं.

मी त्या खुर्चीत किती वेळ बसलो कोण जाणे. पापा इस्पितळात असताना आमचं जे शेवटचं बोलणं झालं ते भांडण होतं. रक्त शुद्ध करायला त्यांना आठवड्यातून तीनदा बँगरला न्यावं लागणार होतं, जायला तीन तास, यायला तीन तास. मी म्हणत होतो, मी नेतो. ते म्हणत होते, नको. मी आवाज चढवला. त्यानंतर तीन दुपारी मी गेलो आणि तीनही वेळा कोरीन दाराबाहेर येऊन हळू म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय रे. नको उठवूस." मी उठवलं नाही. चार वर्षं मी स्वतःला समजावत होतो की ते झोपेत होते, नाहीतर आमचं गोड झालं असतं.

आणि त्या उत्तराखाली एकवीसपैकी सतरा जणांनी काही ना काही लिहिलं होतं. कोणी 'डोळ्यांत पाणी आलं' म्हणाली, कोणी 'मीही असंच केलं असतं'. ऑरनने विचारलं होतं, 'त्या मुलाला पुढे कधी कळलं का?'

कोरीनने उत्तर दिलं होतं, 'नाही. छोटं गाव आहे, तो मला रोज दिसतो. अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.'

रोज दिसतो! छोट्या गावात दिसणारा एक माणूस झालो होतो मी. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी त्याच्याच खालच्या रिकाम्या चौकटीत बोटाने एकेक अक्षर शोधत टाईप केलं. 'ऑरन, तो मुलगा मी आहे. तिचा नवरा. आता मला कळलं, झालं समाधान? माझ्या बापाबद्दल तू विचारणारा कोण? दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसण्यापेक्षा एखादा कुत्रा पाळ.' आणि बटण दाबलं.

दाबल्यावर दोन मिनिटांत घाम फुटला. खोडायला गेलो तर खोडता येईना. एकदा पाठवलं की ते विद्यार्थ्याच्या हातात राहत नाही, हे मला काय माहीत? मी कॉम्प्युटर मिटला आणि कप विसळून ठेवला. कोरीन आली, जेवली, दमून झोपली. मी मूग गिळून बसलो. दुसऱ्या दिवशी तिची दुहेरी पाळी होती, तिसऱ्या दिवशीही. तिने कॉम्प्युटर उघडलाच नाही.

शनिवारी सकाळी तिला प्राध्यापिकांचा फोन आला. ती खिडकीपाशी उभी राहून ऐकत होती. "हो," म्हणाली. "नाही." मग पुन्हा "नाही, मला माहीत नव्हतं." फोन ठेवून तिने कॉम्प्युटर उघडला आणि उभ्या उभ्याच वाचलं. मी दारात होतो.

"तू वाचलंस, ते मी समजू शकते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "पण लिहिलंस कशाला?"

"तू माझ्याशी खोटं बोललीस. तीन दिवस. आणि वर चार वर्षं."

"बोलले. पण आधी हे ऐक. मी त्यांचं गाव बदललं, आजार बदलला, धंदा बदलला, ऋतूसुद्धा बदलला. कोणालाही कळलं नसतं कोणाबद्दल आहे. पेशंटचं गुपित पेशंटचं असतं, ते फोडलं तर परवाना जातो माझा. आणि तू माझ्या नावाने, माझ्या खात्यातून लिहिलंस, तो मुलगा मी. म्हणजे पेशंट कोण हे सगळ्या वर्गाला सांगून टाकलंस. तू ऑरनला शिवी नाही दिलीस, लुसियन. तू मला पकडून दिलंस."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी खुर्चीवर बसलो.

मी म्हणालो, "ते माझे वडील होते."

"माझे पेशंट होते."

"ते तू मला का नाही सांगितलंस? तिकडे एकवीस परक्या माणसांना सांगितलंस!"

"ती परकी आहेत म्हणून सांगता आलं," कोरीन म्हणाली. "त्यांना त्यातलं काही दुखणार नव्हतं. तुला सांगायचं म्हणजे तुझा चेहरा बघायचा. तो मी तीन दुपारी बघितलाय. पुन्हा बघवला नसता मला."

मग ती बसली. माझ्यासमोर, खुर्ची ओढून. मी विचारलं, "काय म्हणाले ते? नेमकं काय?"

"म्हणाले, लुसियन आला की मी हो म्हणेन. त्याला नाही म्हणायला मला आयुष्यात कधी जमलं नाही. आणि आता मला हो म्हणायचं नाहीये."

"आणि मी बाहेर बसलोय हे त्यांना माहीत होतं?"

"तुझ्या बुटांचा आवाज ओळखायचे. तू उठून गेलास की विचारायचे, गेला का."

"सूप?"

"मी द्यायचे तू गेल्यावर. दोन चमचे घ्यायचे. मीठ जास्त आहे म्हणायचे."

मला रडू आलं नाही. मला काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मला तिचा मत्सर वाटला. ऑरनचा नाही, कोरीनचा. तीन दुपारी माझे वडील जागे होते आणि बोलत होते, आणि ते सगळं तिला मिळालं. कशाकशावर बोलले ते तिने सांगितलं: लाकूडतोडीच्या छावणीतल्या गोष्टी, घोड्यांची नावं, माझ्या आईच्या आधी त्यांना आवडलेली नदीपलीकडची एक मुलगी. मला त्या मुलीबद्दल काही माहीतही नव्हतं. मला मिळाला व्हरांडा.

"तू मजा केलीस," मी म्हणालो. इतकं दुष्ट वाक्य मी तिला कधी म्हटलं नव्हतं.

ती उठली, कोट घातला आणि बाहेर गेली. गाडी घेऊन कुठे गेली ते मी आजवर विचारलेलं नाही. संध्याकाळी आली तेव्हा तिने फक्त सांगितलं की विद्यापीठात चौकशी होईल आणि तोवर तिचा अभ्यास थांबवलाय.

मी प्राध्यापिकांना फोन केला. त्यांचं नाव डॉक्टर ब्रँट. म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. तिला काहीच माहीत नव्हतं. शिक्षा करायची ती मला करा."

"मिस्टर मिशो, तुम्ही माझे विद्यार्थी नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हांला शिक्षा करायची सोय माझ्याकडे नाही. चौकशीच्या दिवशी शेजारी बसा. विचारलं तरच बोला."

एप्रिलमध्ये ती चौकशी झाली. आमच्याच स्वयंपाकघरात, पडद्यावर चार चेहरे. कोरीनने जेवढं झालं तेवढं सांगितलं, माझी निंदा न करता. मला एकच प्रश्न विचारला, तिने कधी तुम्हांला पासवर्ड दिला होता का? मी म्हणालो, नाही, उघडं दिसलं म्हणून मी हात घातला. एका बाईंनी कोरीनला विचारलं, मुळात स्वतःच्या सासऱ्यांची गोष्ट तुम्ही वर्गात का लिहिलीत? कोरीन म्हणाली, "कुठेतरी ठेवायची होती."

निकाल जूनमध्ये लागला. लेखी ताकीद, तो विषय पुन्हा पहिल्यापासून, आणि रुग्णाच्या खासगीपणावर एक निबंध. परवाना वाचला. त्यात ऑरनचाही हात होता, हे मला मागाहून कळलं. त्याने न विचारता समितीला पत्र लिहिलं होतं, की मूळ गोष्टीतून कोणालाच ओळखता आलं नसतं, आणि उगाच उकरून प्रश्न विचारणारा तो स्वतः होता. पण जूनपर्यंत थांबायला बर्निसची जागा तयार नव्हती. मुलाखती मे महिन्यात झाल्या. पदवी केव्हा मिळेल हे कोरीनला सांगता आलं नाही आणि ती जागा नदीच्या खालच्या अंगाच्या एका गावातल्या एकतीस वर्षांच्या मुलीला मिळाली.

कोरीनने मला त्यावरून एकदाही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं. नॉर्मंडने मात्र सोडलं नाही. "ऐकलं ते खरं का?" म्हणाला. "बायकोचा गृहपाठ तू करून दिलास म्हणे?" गॅरेज हसलं. मी बसखाली सरकलो आणि बराच वेळ वर आलो नाही.

सप्टेंबरात तिने पुन्हा सुरुवात केली. माझ्या मनात होतं की ती सोडून देईल आणि, खोटं कशाला बोलू, मनाच्या एका कोपऱ्यात मला तेच हवं होतं. पण ती बसली. त्या विषयात चौघांनी मिळून एक काम करायचं होतं, आणि तो विषय पुन्हा करणाऱ्यांत ऑरनही होता. त्याचं घर वादळात सापडलं होतं, म्हणून त्याची परीक्षा बुडाली होती. एका शनिवारी दुपारी पडद्यावर चौघं एकत्र येणार होती.

"तू इथे थांबणार आहेस?" कोरीनने विचारलं.

"मला त्याची माफी मागायची आहे."

"माग. आणि मग जा."

मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो म्हातारा असेल, टकला असेल, पोट सुटलेलं असेल अशी मी आशा धरून होतो. तो दिसायला चांगला होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा, आवाज असा की पेशंट निम्मा त्यानेच बरा व्हावा.

"टिलमन," मी म्हणालो, "मी जे लिहिलं ते लिहायला नको होतं. आणि तू पत्र लिहिलंस त्याबद्दल मी तुझा ऋणी आहे."

"मी तो प्रश्न विचारायला नको होता, मिस्टर मिशो. आणि कुत्रे आहेत माझ्याकडे. दोन."

"तू माणूस चांगला असशील. पण मला तू अजून आवडत नाहीस."

कोरीनने डोळ्यांवर हात घेतला. तो हसला नाही, रागावलाही नाही. "चालेल," म्हणाला. "माझ्या बायकोला मी आवडेनासा झालो ते काहीही न सांगता. तुम्ही निदान तोंडावर सांगता."

म्हणजे लग्न झालेलं होतं आणि मोडलेलंही होतं. माझ्या वर्षभराच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, पण ते कळून मला काडीचंही बरं वाटलं नाही. मी बाहेर गेलो आणि त्यांना काम करू दिलं.

त्या हिवाळ्यात मी एक करायला लागलो. रोज संध्याकाळी कोरीनला विचारायचो, पापांचं एखादं सांग. आधी ती आखडून सांगायची, मग मोकळी होत गेली. घोड्यांची नावं मला आता पाठ आहेत. नदीपलीकडच्या त्या मुलीचं नाव आंजेल होतं आणि तिने पापांना नकार दिला तो त्यांच्या कानांमुळे. हे कान मलाही आहेत. मी हसलो, आणि हसतानाच मला पुन्हा वाटलं की हे मी पापांच्या तोंडून ऐकायला हवं होतं. दर वेळी वाटतं. कोरीनला ते माझ्या तोंडावर दिसतं. ती गोष्ट थांबवत नाही, पुरी करते.

मे महिन्यात तिला पदवी मिळाली. विद्यापीठ दुसऱ्या राज्यात, तिने ते कधी पाहिलं नव्हतं. आम्ही मोटारीने गेलो. काळा झगा घालून ती रांगेत उभी होती आणि आजूबाजूची सगळी पोरं तिची मुलं शोभतील अशा वयाची होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी इतक्या जोराने ओरडलो की पुढच्या रांगेतली बाई दचकली. त्यात माझा मत्सर नव्हता. तेवढं एक मिनिट तरी नव्हता.

घरभेटींच्या विभागातली ती तरुण मुलगी पुढच्या वर्षी नवऱ्याच्या बदलीमुळे निघून गेली. जागा कोरीनला मिळाली. आता ती सकाळी सातला गाडी काढते आणि खोऱ्यातल्या घराघरांत जाऊन बसते. खरोखर बसते, खुर्ची ओढून. लोक संध्याकाळी आमच्या घरी फोन करतात. म्हातारी माणसं, त्यांच्या मुली, त्यांचे नवरे. फोन वाजला की कोरीन माझ्याकडे बघते, फोन घेऊन आतल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. पलीकडे कोण आहे ते मला सांगत नाही. मीही विचारत नाही.

कधी कधी तासभर लागतो. दारातून शब्द कळत नाहीत, नुसता तिचा आवाज ऐकू येतो, मध्येच थांबून ऐकणारा. अजूनही दुखतं मला. मग मी उठतो, पीठ भिजवतो आणि तवा चुलीवर ठेवतो.